डबा की सोंग?

विंडोज ९८ ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने २५ जून १९९८ रोजी बाजारात आणली आणि ११ जुलै २००६ रोजी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. तेव्हापासून तिची डागडुजी बंद आहे, आणि आजच्या बहुतेक वेबसाइट तिच्या ब्राउझरला दारातही उभे करत नाहीत. तरीही ती घरी चालवू पाहणारी मंडळी आहेत. त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. एक, त्या काळचा डबा, म्हणजे कॅबिनेट, मदरबोर्ड, मॉनिटर असा सगळा बाडबिस्तरा जुन्या बाजारातून उचलून आणणे. दुसरा, हाताशी असलेल्या नव्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर नावाचा प्रोग्राम टाकून त्याला जुन्या कॉम्प्युटरचे सोंग घ्यायला लावणे. कोणत्याही मार्गाने गेले तरी शेवटी तोच हिरवट-निळा डेस्कटॉप दिसतो. पण तिथे कसे पोचायचे यावरून दोन पंथ पडले आहेत, आणि दोघांनाही दुसऱ्याची कीव येते.

निवड करण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि नेमकी तीच कोणी ठरवत नाही. आपल्याला विंडोज ९८ वर चालणारा एखादा प्रोग्राम हवा आहे, की विंडोज ९८ चालवताना होणारा त्रास हवा आहे? प्रोग्राम हवा असणाऱ्याने डब्याच्या वाटेला जाऊ नये. त्रास हवा असणाऱ्याची तहान इम्युलेटरने भागत नाही. अडचण अशी, की त्रास हवा असलेला माणूस विचारल्यावर नेहमी प्रोग्रामचेच नाव पुढे करतो.

डब्याच्या पंथात शिरणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा, की इथे जास्त म्हणजे चांगले नव्हे. विंडोज ९८ ची अधिकृत मागणी ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर आणि १६ एमबी रॅम एवढीच होती. जाणकार पेंटियम ३, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड आणि १२८ ते २५६ एमबी रॅम यांवर थांबतात. नवखा माणूस मात्र रॅम स्वस्त मिळतेय म्हणून १ जीबी बसवतो. त्यावर विंडोज ९८ त्याला मेमरी अपुरी असल्याचा संदेश दाखवते. हा विनोद नाही. ५१२ एमबीच्या पुढे रॅम गेली की तिची डिस्क कॅश एवढी ऐसपैस पसरते, की इतर कामांना लागणारी पत्त्यांची जागाच उरत नाही. सिस्टिम.आयएनआय या फाइलमध्ये कॅशवर मर्यादा घालणारी एक ओळ लिहिली की तीच मेमरी पुरेशी होते. हार्ड डिस्कचीही तीच गत. विंडोज ९८ सोबत येणाऱ्या एफडिस्क या डिस्कचे भाग पाडणाऱ्या मूळ प्रोग्रामला ६४ जीबीच्या पुढे मोजता येत नाही. मोठी डिस्क जोडली की तो चौसष्ट वजा करून उरलेली बाकी छातीठोकपणे सांगतो.

माल मिळतो तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात जुन्या बाजारात आणि उरलेल्या महाराष्ट्रात कुणाच्या तरी माळ्यावर. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारत गेल्यास माल मिळायला वेळ लागतो. विक्रेत्याची परिभाषा आधी शिकून घेतलेली बरी. ‘चालू कंडिशन’ म्हणजे पूर्वी कधीतरी चालत असे. ‘टेस्ट केलेला नाही’ म्हणजे टेस्ट केलेला आहे. ‘फक्त एसएमपीएस बदला’ म्हणजे एसएमपीएसपासून सुरुवात करा. व्यवहारातले संवाद साधारण असे होतात:

“दादा, हा सुरू करून दाखवता का?”

“साहेब, सुरूच आहे. केबल नाहीये इथं.”

“केबल मी आणलीय.”

“मग मॉनिटर नाहीये.”

या बाजारात छंदिष्टांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा छंदिष्ट नसतो, सोने काढणारा असतो. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांवर, विशेषतः पेंटियम प्रोवर, सोन्याचा मुलामा बराच आहे. त्यामुळे ते नगावर न विकता वजनावर विकले जातात आणि ॲसिडात जातात. एखाद्याला जो प्रोसेसर आपल्या बारावीतल्या दिवसांची आठवण म्हणून हवा असतो, त्याचा भाव सराफकट्ट्याच्या दरावर ठरतो. यात घासाघीस चालत नाही.

डबा घरी आल्यावर तो लगेच लावायचा नसतो. माल अमेरिकेतल्या भाच्याने बॅगेतून आणलेला असेल, तर मागे एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीवर, एक छोटा लाल खटका असतो. त्याच्या एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३० लिहिलेले असते. भाचा राहतो तिकडे तो ११५ वर ठेवतात. तो तसाच ठेवून इकडच्या प्लगमध्ये पिन खोचली की एक छोटा बार होतो, जळका वास सुटतो आणि घरातली सगळी माणसे एका खोलीत जमतात. त्याहून जुन्या, एटी पद्धतीच्या डब्यात वीजपुरवठ्याचे दोन कनेक्टर मदरबोर्डला शेजारी शेजारी लावायचे असतात, आणि ते उलटसुलटही सहज बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना चिकटून याव्यात, एवढाच नियम. या नियमाचे उल्लंघन मदरबोर्डला एकदाच करता येते.

नंतर कपॅसिटर पाहायचे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले. त्यांची डोकी फुगतात आणि काहींच्या माथ्यातून तपकिरी खळ बाहेर येते. त्याआधीच्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची निळी बॅटरी असे. ती वर्षानुवर्षे पाझरत राहते आणि आजूबाजूचे तांब्याचे धागे खाऊन टाकते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तिला हवेचीही मदत होते. नंतरच्या बोर्डांवर साधी सीआर२०३२ बॅटरी आली. ती संपली तर फक्त तारीख मागे जाते. कित्येक डबे १ जानेवारी १९८० पासून नव्याने आयुष्य सुरू करतात, ज्या दिवशी त्यांचा मालक जन्मलेलाही नसतो.

ही सगळी पथ्ये पाळून विंडोज ९८ चढली की खरे काम सुरू होते, ते ड्रायव्हरचे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. इंटरनेटला जोडायला नेटवर्क कार्ड लागते. मग तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावा, तर विंडोज ९८ पेन ड्राइव्ह ओळखत नाही. त्याचाही ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, आणि तो पेन ड्राइव्हवर असतो. सीडीवर लिहून न्यावा, तर लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह राहिलेला नाही. शेवटी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेतला जातो. त्यात घालायला फ्लॉपी शोधाव्या लागतात, आणि सापडलेल्या फ्लॉपींवर बुरशी असते. या प्रवासात डबावाला कमालीचा प्रसन्न असतो. घरच्यांना वाटते त्याचे काम अडले आहे. त्याचे काम चाललेले असते.

कॅबिनेटचे रंगरूप हा स्वतंत्र विभाग. त्या काळच्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनयुक्त द्रव्ये घालत. त्यामुळे मूळचा बदामी रंग पुढे पिवळट होतो. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवण्याची कृती २००८ च्या सुमारास रूढ झाली. इतर देशांत यासाठी अतिनील दिवे लावतात. सोलापूर-अकोल्याकडे मे महिन्यात त्याची गरज नाही. पेरॉक्साइड केस रंगवायच्या क्रीमच्या रूपात ब्यूटी पार्लरच्या दुकानात मिळते. गच्चीवर कुरडया-पापडांच्या शेजारी मॉनिटरचा पुढचा भाग क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून वाळत पडलेला दिसला, तर हे त्याचे कारण. फिल्म नीट न गुंडाळल्यास क्रीम जिथे वाळते तिथे पांढरे पट्टे उमटतात, आणि ते मात्र कायमचे.

अस्सलपणाचा आग्रह इथपर्यंत आला की पुढे एक गमतीची गोष्ट घडते. जुनी हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले जाते. ते अडॅप्टरच्या आडून हार्ड डिस्क असल्याची बतावणी करते. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक नावाची पेटी येते. ती पेन ड्राइव्हवरच्या फाइलला फ्लॉपी म्हणून पुढे करते, म्हणजे तीही इम्युलेटरच. एवढे झाल्यावर डबा अगदीच मुका वाटू लागतो, म्हणून हार्ड डिस्कसारखा कर्रकर्र आवाज काढणारी एक छोटे सर्किट मिळते, तेही आत लावतात. बाहेरून बघणाऱ्याला हा शंभर टक्के अस्सल डबा असतो.

आता सोंगाकडे. सोंगातही प्रकार आहेत. व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला नव्या प्रोसेसरवरच चालू देतात, फक्त भोवतालचे यंत्र खोटे उभे करतात. खरा इम्युलेटर प्रोसेसरसुद्धा खोटाच उभा करतो. जुन्या प्रोसेसरला दिलेली प्रत्येक आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून, नव्यावर अमलात आणतो. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा मुळात जुन्या खेळांसाठी. २००३ चा क्यूईएमयू फाब्रीस बेलार्ड यांचा. पीसीईएम आणि त्यातूनच फुटलेला ८६बॉक्स हे तर अमुक कंपनीचा मदरबोर्ड, तमुक बायोस, अमके साउंड कार्ड इथपर्यंत तपशील विचारतात. या शेवटच्या दोघांची निष्ठा महागात पडते. पेंटियम २ चे सोंग ते इतक्या इमानाने वठवतात, की आजचा तगडा प्रोसेसरही ते करताना घामाघूम होतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात पंख्याखाली निवांत चालणारी विंडोज ९८ हजारो रुपयांच्या लॅपटॉपवर अडखळते.

महाराष्ट्रात इम्युलेटर वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी जमात अशी आहे, जिला आपण इम्युलेटर वापरतो याची कल्पनाच नसते. बोरलँडचे टर्बो सी++ ३.० हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे, डॉसवर चालणारे निळ्या पडद्याचे पॅकेज इथल्या कॉलेजांत पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, तेव्हा अभ्यासक्रम बदलण्याऐवजी डॉसबॉक्स आणला गेला. त्यातून एक नाट्य जन्माला आले. टर्बो सी मध्ये प्रोग्राम चालवून पाहायचा तर कंट्रोल आणि एफ९ दाबायचे, असे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेले असते. डॉसबॉक्समध्ये मुळात कंट्रोल आणि एफ९ म्हणजे डॉसबॉक्स तत्काळ बंद. विद्यार्थी तासभर खपून प्रोग्राम लिहितो, पाठ केलेल्या बटणांवर बोटे टेकवतो, आणि प्रोग्राम, टर्बो सी आणि डॉस या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी नाहीशा होतात. एफ२ दाबून फाइल सेव्ह केलेली नसते, हे वेगळे सांगायला नको. बटणांची नेमणूक बदलण्याची सोय आहे, पण तिचा शोध लागतो तो या प्रसंगानंतर.

सोंगाला आणखी एक व्याधी आहे. डॉसला विश्रांती ठाऊक नाही. पडद्यावर नुसता सी: लिहिलेला असतो आणि वापरणारा चहा प्यायला गेलेला असतो, तेव्हाही ती कीबोर्डवर काही पडले का, हे अखंड विचारत राहते. विंडोज ९५ चीही सवय हीच. खऱ्या डब्यावर याचे कोणाला काही वाटत नसे. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र यजमान प्रोसेसरचा एक अख्खा गाभा शंभर टक्के गुंतून पडतो, लॅपटॉपचा पंखा गरगरू लागतो आणि बॅटरी खाली येते. लग्नघरात हातात एकही काम नसलेला काका जसा सगळ्यांत जास्त धावपळ करतो, तसे हे चालते. त्याला बसवून ठेवणारे छोटे प्रोग्राम मिळतात; ते टाकले की पंखा शांत होतो.

वेगाचे दुखणे याच्या उलट. जुन्या प्रोग्रामांनी वेळ मोजण्यासाठी प्रोसेसर किती जोरात धावतो याचा अंदाज बांधलेला असतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुमारे २०० मेगाहर्ट्झपुढच्या यंत्रावर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळतात, कारण मोजणीचा भागाकार चौकटीबाहेर जातो. विंडोज ९५ लाही ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के६-२ प्रोसेसरवर असाच झटका येई. यंत्र फार चांगले निघाले म्हणून सॉफ्टवेअर बंद पडते, ही तक्रार ग्राहक आयोगापुढे मांडणे अवघड. इम्युलेटरमध्ये इलाज सोपा आहे: डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ दाबून वेग उतरवायचा. डब्यात तो इलाज म्हणजे दुसरा, आणखी हळू डबा विकत घेणे.

काही दोष मात्र दोन्हीकडे सारखेच. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवल्यास गोठून जात. सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा ४,२९,४९,६७,२९६ ला पोचून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून. हा दोष ध्यानात यायलाच विंडोज ९५ नंतर काही वर्षे गेली, कारण तेवढे दिवस न कोसळता चाललेले यंत्र कोणी पाहिले नव्हते. महाराष्ट्रात तर भारनियमनाने या दोषापासून संपूर्ण संरक्षण दिले होते. विंडोज कोसळल्यावर येणारा निळा पडदा हाही उभयपक्षी समान. खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, स्कॅनर जोडताच विंडोज ९८ निळी पडली होती. फरक एवढाच, की इम्युलेटरवाला आधीच्या क्षणाचा स्नॅपशॉट काढून ठेवतो आणि निळ्या पडद्यावरून सरळ पाच मिनिटे मागे जातो. डबावाल्याला हे भ्याडपणाचे वाटते. तो फॉरमॅट मारतो.

आवाजाच्या बाबतीत डबावाल्यांची बाजू भक्कम आहे असे ते सांगतात. साउंड ब्लास्टर १६ हे १९९२ चे कार्ड. ते पोर्ट २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ या पत्त्यांवर वसवायचे असते, आणि तिथे आधीच दुसरे कार्ड बिऱ्हाड करून असते. हा तंटा मिटवून पहिला आवाज निघतो, तेव्हा मागे थोडी खरखर येते. इम्युलेटरमध्ये कार्ड पहिल्याच फटक्यात वाजते आणि खरखर नसते, हाच त्याच्यावरचा आक्षेप. पडद्याचेही असेच. काचेच्या जाड मॉनिटरवर चित्राच्या आडव्या रेघा थोड्या पसरट दिसत. इम्युलेटरवाले त्या रेघा आणि काचेचा फुगवटा प्रोग्रामने रंगवून घेतात. नव्या सपाट पडद्यावर जुना फुगीर पडदा दाखवायला खास ग्राफिक्स कार्ड विकत घेणारा माणूस डबावाल्याला वेडा म्हणतो.

जागेचा हिशेब एका वाक्यात संपतो: सोंग एका फोल्डरमध्ये मावते, डब्याला टेबल लागते. विल्हेवाटीचा हिशेब लांबतो. फोल्डर डिलीट होतो. मॉनिटर कोणी नेत नाही. त्याच्या काचेत शिसे असते, त्यातून तांबे थोडेच निघते, आणि गल्लीतला भंगारवाला लोखंडी कॅबिनेट उचलून मॉनिटरपाशी आला की त्याला अचानक दुसरे गिऱ्हाईक आठवते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत. त्यानुसार तो अधिकृत संकलन केंद्रावर द्यायचा असतो. तिथे पोचवायला रिक्षा करावी लागते, म्हणून तो माळ्यावर राहतो.

एक प्रांत असा आहे, जिथे छंदाचा संबंध नाही आणि वादही नाही: मराठी डीटीपी. विंडोज ९८ ला देवनागरी युनिकोड येत नसे. भारतीय लिप्यांची सोय विंडोज २००० पासून आली. त्याआधीचा मराठी मजकूर, मग ती पुस्तके असोत, दिवाळी अंक असोत की लग्नपत्रिका, पेजमेकरमध्ये आणि प्रत्येक कंपनीच्या आपापल्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलरचे श्री-लिपी असे संच होते, आणि एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. अशी फाइल आज उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे, स्वरचिन्हे आणि पौंडाच्या खुणा यांचा सडा पडतो. मजकूर पुन्हा मराठी दिसायला तो जुना संच लागतो, संचाला जुनी विंडोज लागते, आणि त्यातल्या कित्येक संचांना प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचलेले डोंगल लागते. डोंगल नसेल तर पॅकेज सुरूच होत नाही. कॉपी रोखण्याची ती तेव्हाची तजवीज. सगळी सोंगे आणता येतात, डोंगलचे सहजासहजी आणता येत नाही. नव्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नाही, आणि यूएसबीचे जे अडॅप्टर बाजारात मिळतात ते प्रिंटरपुरतेच असतात. त्यांच्यामागे लावलेले डोंगल बहुतेक वेळा दिसतच नाही.

म्हणून कित्येक जुन्या प्रेसमध्ये एक पिवळट डबा प्लास्टिकचे कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेला असतो. त्याला इंटरनेट नसते, त्याच्या शेजारी चहा ठेवायला मनाई असते, आणि मागच्या पोर्टमधले डोंगल निघू नये म्हणून सेलोटेपने बांधलेले असते. तो चालतो तोवर फाइल उघडून पानांच्या प्रिंट काढता येतात किंवा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये उतरवता येतो. कन्व्हर्टर रफार शेजारच्या अक्षरावर नेऊन ठेवतो, ‘ऱ्य’ मोडतो आणि जोडाक्षरांपुढे कच खातो, त्यामुळे उतरवलेला मजकूर मुद्रितशोधकाला पहिल्यापासून वाचून काढावा लागतो. तो शब्दाला किती पैसे घेतो, हे आधी विचारून ठेवावे.